धुतलेला डबा

माझा पुतण्या पियुष पुण्याची चांगली नोकरी सोडून अमरावतीला परत आला, तेव्हा आमच्या घरी कोणी गेल्यासारखी माणसं भेटायला येत होती. पियुष मात्र मजेत होता. त्याने अंबापेठेतल्या माझ्या घराची पुढची खोली मागितली. तिथे पूर्वी माझा मुनशी बसायचा. मुनशी निवृत्त झाला होता आणि माझे निम्मे पक्षकारही त्याच्याबरोबरच निवृत्त झाल्यासारखे दिसेनासे झाले होते, म्हणून मी खोली दिली. भाडं घेतलं नाही. त्या बदल्यात पियुषने मला कंपनीचा कायदेशीर सल्लागार केलं. म्हणजे खोलीही फुकट आणि वकीलही फुकट.

कंपनीचं नाव ‘पोच’. धंदा डब्यांचा.

आमच्या भागात खेड्यातून अमरावतीला किंवा अकोल्याला शिकायला गेलेल्या पोरांना घरून डबा येतो. मेस असते, हॉटेलं असतात, तरी डबा येतो. आई पहाटे भाकरी थापते, बाप डबा कापडी पिशवीत घालून जीपच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आणि पोरगं स्टँडवर उभं राहून तो उतरवून घेतं. यात डबे बदलायचे, सांडायचे, कधी बडनेऱ्याच्या पुढे निघून जायचे. पियुषने याचं ॲप केलं. दर्यापूर, बाळापूर आणि धामणगावहून सकाळच्या जीपने डबे निघायचे. काही अमरावतीत आमच्या ओट्यावर उतरायचे, काही अकोल्यात टॉवर चौकाजवळच्या एका गाळ्यात. पोरांनी येऊन न्यायचे, कालचा रिकामा डबा ठेवायचा, तो परतीच्या जीपने घरी जायचा.

धंदा इंटरनेटचा असला की त्यात माणसं जितकी कमी तितकी बरी, असं पियुषचं मत. सुरुवातीला ती खोली भरलेली असायची. मग बिलं आपोआप जायला लागली आणि बिलं करणारा गेला. डब्यांच्या चिठ्ठ्या आपोआप छापून यायला लागल्या, चिठ्ठ्या लिहिणाऱ्या दोन मुली गेल्या. कोणती जीप कोणत्या गावाहून भरायची हे संगणक ठरवायला लागला, तेव्हा केशवराव नावाचे एक रिटायर्ड कंडक्टर होते, ते माझ्याशी हात मिळवून घरी गेले. मला ते बघवत नव्हतं, हे खरं आहे. पण कंपनी त्यामुळेच जगली, हेही खरं आहे. पियुषसारखे आणखी दोघे-तिघे याच धंद्यात उतरले होते, ते पगार वाटता वाटता बुडाले. मी कुणाची बाजू घेत नाही. वकिलाने ती कुणी दिल्याशिवाय घ्यायची नसते.

शेवटी दोनच माणसं उरली. अकोल्याच्या गाळ्यात नत्थुजी आणि इथे फोनवर साधना.

साधना धामणगाव रेल्वे या गावची सून. नवरा देवमन तिकडे आईबापांजवळ राहून शेती बघायचा. हिने मुलीच्या, पायलच्या शाळेसाठी अमरावतीत खोली केली होती. पोरीच्या शाळेपायी सुनेने गाव सोडावं, हे सासूला अजिबात पटलेलं नव्हतं. नोकरी होती म्हणून खोली होती आणि खोली होती म्हणून पायल इथल्या शाळेत होती. ज्या दिवशी नोकरी जाईल त्या दिवशी दोघींनी धामणगावला परतायचं, हे त्या घरात आधीच ठरलेलं होतं. साधना हे मला दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायची. बोलायला तिला कारण लागत नसे, आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि माझ्या पक्षकारांना वाटायचं, आत भांडण चाललंय.

तिचं काम डबा पोचला की आईला फोन करण्याचं. पियुषने आधी मेसेज पाठवून पाहिले होते. आया मेसेज वाचत नाहीत. त्यांना माणूस लागतो.

“काकू, डबा पोचला.”

“पोचला का? जेवला काय व बाई?”

“जेवला नं काकू. चाटूनपुसून.”

दुपारी बाराची वेळ. पोरगा अकोल्यात, साधना अमरावतीत. तो जेवला की डबा सायकलला अडकवून पिक्चरला गेला, हे तिला कुठून दिसणार? पण प्रत्येक आई विचारायची आणि साधना प्रत्येकीला जेवला म्हणूनच सांगायची. मी एकदा तिला हटकलं. ती म्हणाली, “वकीलसाहेब, नाई म्हटलं त ते आई दहा मिनिटं सोडत नाई. अजून अर्धा गाव बाकी रायते.”

आयांचे फोन संपले की मग ती उरलेल्या डब्यांकडे वळायची. नत्थुजी अकोल्याहून नावं सांगायचा, इथले डबे समोरच असायचे. मग एकेका पोराचा उद्धार सुरू. “काहून रे, तुह्या मायनं भाकर थापली ते काय कुत्र्यासाठी? ये इकडे मुकाट्यानं.” पोरं धावत यायची. हे तिच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती ते मायेनेही करत नव्हती. दुपारनंतर डबे आंबतात, वास मारतात, इथल्या वासात तिलाच बसायचं असतं आणि अकोल्याच्या वासाबद्दल नत्थुजीची कुरकुरही तिलाच ऐकायची असते, एवढंच कारण होतं.

गेल्या वर्षी पुण्याहून एक गृहस्थ आले. पियुषच्या कंपनीत पैसा घालणारे. फार नम्र माणूस, माझ्या पाया पडला. जाताना म्हणाला, सगळं उत्तम आहे, फक्त एका डब्यामागे एक फोन आणि एका फोनमागे एक बाई, हे काही वाढणारं गणित नाही. डबे दुप्पट झाले तर बायाही दुप्पट करणार का?  

मग पियुषने बोलणारं मशीन केलं. मशीन म्हणजे डोळ्यांना काही दिसत नाही. संगणकातच असतं, तिथूनच फोन करतं. साधनाचे वर्षभराचे फोन कंपनीने जपून ठेवले होते, ते सगळे त्याला ऐकवले, आणि आवाजही तिचाच दिला. त्यासाठी तिची संमती घ्यायची होती. तो कागद मीच तयार केला. साधनाने न वाचता सही केली आणि पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तोंडाला पदर लावून हसली.

“आता मी नसली तरी चालते मंग,” ती म्हणाली.

“तुमच्यासाठी दुसरं काहीतरी पाहू ताई,” पियुष म्हणाला.

‘पाहू’ हा शब्द मी कोर्टात आयुष्यभर ऐकला आहे. त्या शब्दाने कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही.

गणपती उठले आणि मशीन सुरू झालं. मला वाटलं होतं, आया पहिल्याच दिवशी ओळखतील. एकीनेही ओळखलं नाही. उलट मशीन घाई करत नसे, म्हणून त्या जास्तच बोलत. एक धामणगावची बाई त्याला सुनेची गाऱ्हाणी सांगत होती आणि मशीन मधूनमधून “हो नं काकू” म्हणत होतं. साधना शेजारी रिकामी बसून हे ऐकत होती. दसऱ्याला पियुषने तिला सोनं दिलं, महिन्याचा पगार दिला आणि उद्यापासून यायची गरज नाही, असं खाली बघून सांगितलं. तो वाईट मुलगा नाही. संध्याकाळी जेवला नाही. पण निर्णय बदललाही नाही.

साधना माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “पायलची सहामाही झाली की जातो धामणगावले. तोवर खोलीवाल्याले कायी सांगू नका.” एवढ्या बोलक्या बाईने एवढंच बोलून जावं, याचा मला त्रास झाला.

आता दर्यापूरकडची गोष्ट. ती मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली, पण इथे सरळ सांगतो.

दर्यापूरजवळच्या एका खेड्यात वामनराव आणि पार्वताबाई राहतात. काळी जमीन आहे, खाऊनपिऊन सुखी माणसं. त्यांचा मुलगा नितेश अकोल्याला इंजिनिअरिंग करत होता. ते त्याने मध्येच सोडलं आणि कसल्यातरी परीक्षेच्या अभ्यासाला बसला. बाप म्हणाला, तोंड दाखवू नको. पोरगा बापाच्याच वळणाचा, त्याने घरचे फोन घेणं बंद केलं. आईचाही घेईना, कारण आईच्या मागे बाप उभा असतो हे त्याला माहीत होतं. बोलणं संपलं. डबा मात्र चालू राहिला. आई रोज पाठवत होती, पोरगा रोज नेत होता, आणि त्यावर घरात कुणी काही बोलत नव्हतं.

सोयाबीन काढायच्या दिवसांत नितेशला कावीळ झाली. खोलीतला जोडीदार गावी गेलेला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, उन्हाने झालं असेल. दुसऱ्या दिवशी उठवेना. ‘आपला डबा काउंटरवर आला आहे’ असा मेसेज फोनवर येत होता, इतर पन्नास मेसेजांबरोबर. त्याने तो उघडून बघितलाही नाही.

इकडे मशीन वेळेवर फोन करत होतं. “काकू, डबा पोचला.” गाळ्यात उतरला की संगणकाच्या हिशेबी डबा पोचला. पुढे तो कुणी नेला की तसाच राहिला, हे विचारायची जागाच पियुषने ठेवलेली नव्हती, कारण ते साधना तोंडी बघत होती आणि तोंडी गोष्टी त्याच्या ध्यानात येत नसत. पार्वताबाई विचारत, “जेवला काय व बाई?” मशीन म्हणे, “जेवला नं काकू. चाटूनपुसून.”

नत्थुजीने बिचाऱ्याने जुन्या सवयीने साधनाच्या नंबरवर फोन लावला होता, की नितेशचा डबा उरलाय. तो नंबरही आता मशीनच उचलत होतं, आणि त्यालाही त्याने जेवला म्हणूनच सांगितलं. मशीनचं नत्थुजीला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याला वाटलं, बाई दमली असेल. त्याने तीनही दिवस संध्याकाळी ते अन्न बाजूच्या इमारतीच्या चौकीदाराला दिलं. चौकीदाराची बायको अन्नाला मान देणारी. तिने दर वेळी डबा स्वच्छ घासून परत केला आणि तो परतीच्या जीपने घरी गेला.

पार्वताबाईंनी पिशवीतून डबा काढला. धुतलेला होता.

नितेशने जन्मात कधी डबा धुतला नव्हता. रिकामा डबा यायचा तो भाजीच्या तेलासकट, कडेला वाळलेल्या वरणासकट. पहिल्या दिवशी पार्वताबाईंना वाटलं, पोरगा सुधारला. त्यांनी शेजारणीला कौतुकाने दाखवलासुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतलेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी झाकणाच्या आट्यांमधून बोट फिरवलं आणि बोटाला राख लागली. अकोल्यात खोली करून राहणाऱ्या पोराजवळ चुलीची राख कुठून येणार? त्यांनी सोयाबीनचं रान तसंच सोडलं, वामनरावांना काही विचारलं नाही, आणि अकोल्याच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

खोलीचं दार आतून नुसतंच लोटलेलं होतं. पोरगा हळदीसारखा पिवळा झाला होता आणि आईला बघून त्याने विचारलं, बाबा आले का. दवाखान्यात नेलं. वाचला. डॉक्टर म्हणाले उशीर केला. किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि पार्वताबाईंनी विचारलं नाही.

नत्थुजीकडून हे पियुषला कळलं तेव्हा त्याने त्याच क्षणी मशीन बंद केलं. मी त्याला त्याबद्दल मानतो. मग तो स्वतः साधनाच्या खोलीवर गेला. तिची भांडी पोत्यात भरून झाली होती. ती परत येऊन खुर्चीवर बसली. “सध्या,” पियुष मला म्हणाला. तो शब्दही मला ‘पाहू’च्याच जातीचा वाटला.

काही दिवसांनी सकाळी माझ्या खोलीत एक उंच, टोपीवाले गृहस्थ आले. मागे एक बाई. बाई दाराजवळच बसल्या.

“वकीलसाहेब, केस टाकाची हाये,” गृहस्थ म्हणाले.

“कोणावर?”

“‘पोच’वाल्यावर. मी वामनराव. नितेशचा बाप.”

“ते शेजारच्या खोलीत बसतात,” मी सांगितलं.

“मालूम हाये. पाटी वाचली. म्हनून त तुमच्याकडं आलो. नोटीस नेऊन द्याले लांब जा लागत नाई.”

मी त्यांना सांगितलं की पियुष माझा पुतण्या आहे, मला ही केस घेता येत नाही. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, “त मंग त्यालेच बोलवा. आन त्या साधनाबाईले बी. माहा पोरगा तिकडं मरून राहिला होता आन हे बाई आमाले रोज सांगे का जेवला.”

दोघं आली. पियुषने आधी हात जोडून माफी मागितली. मग समजावलं की तो आवाज साधनाताईंचा असला तरी बोलत होतं मशीन. वामनराव म्हणाले, मशीन खोटं कशाले बोलन? मशीनले काय गरज पडली?

इथे पियुषचा पाय घसरला. तो घाबरला होता. पुण्याचे नम्र गृहस्थ दोन दिवस त्याला फोनवर नम्रपणे विचारत होते, की चूक नेमकी कोणाची. त्याने लॅपटॉप उघडला.

“मशीन स्वतःच्या मनाने काही बोलत नाही काका,” तो वामनरावांना म्हणाला. “जे शिकवलं तेच बोलतं. हे ऐका. हे मशीन नाही, मागच्या वर्षीच्या साधनाताई आहेत.”

लॅपटॉपमधून पार्वताबाईंचा आवाज आला, जेवला काय व बाई. मग साधनाचा, जेवला नं काकू, चाटूनपुसून. पियुषने दुसरा दिवस लावला. तेच. तिसरा लावला. तेच.

“म्हंजे हे बाई आधीपासूनच खोटं बोले?” वामनराव साधनाकडे वळले. “मशीननं हिच्यापासून उचललं?”

साधनाने पदर दोन्ही हातांनी धरला होता.  पियुष तिला हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, मला आता तुम्हाला ठेवता येणार नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?” मला त्याचा राग आला. पण कायद्याने बघितलं तर तो म्हणत होता त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तेव्हा दाराजवळून पार्वताबाई बोलल्या.

“मले काय येडी समजता तुमी?”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“हे बाई अमरावतीत, पोरगा अकोल्यात. हिले काय त्याचं ताट दिसते? मले पयल्या दिवसापासून मालूम होतं का हे असंच सांगते.”

“मंग इचारत काहून होती रोज?” वामनराव म्हणाले.

“हिनं त्याले इचारावं म्हनून. माहा फोन तो उचलत नव्हता. हिचा उचले. एकडाव तो डबा न्याले गेला नाई, त हिनं त्याले अशा शिव्या देल्ल्या का त्यानं दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी टाकली, ‘त्या बाईले सांग, मी जेवत असतो.’ तेवढीच चिठ्ठी आली वर्षात. मी इचारलं का कोनीतरी त्याच्या मांगं लागते, एवढं मले पुरे होतं.”

“पन काकू,” साधना पहिल्यांदाच बोलली, “मी त डबे वास मारते म्हनून फोन लावत होती.”

“तू काहून लावत होती ते मले काय कराचं हाये?”

पियुष पुढे सरकला. त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली होती, अडचण दिसली की त्याला तोडगाच दिसतो. “काकू, हे तर मशीनही करेल. डबा नेला नाही, तर मशीनच पोराला फोन करेल. नाही उचलला तर पुन्हा करेल. मी आज संध्याकाळपर्यंत बसवतो.”

“आन मंग बी नाई उचलला त?”

 पार्वताबाई साधनाकडे वळल्या. “तू असती त काय केलं असतं?”

मी पुष्कळ साक्षीदार बघितले आहेत. कोणतं उत्तर दिलं की सुटका आहे, हे माणसाच्या चेहऱ्यावर आधी उमटतं. साधनाच्या चेहऱ्यावरही उमटलं. नत्थुजीला त्याच्या खोलीवर पाठवलं असतं, एवढं म्हणायचा अवकाश होता. नोकरी, खोली, पायलची शाळा, सगळं त्या एका वाक्यावर होतं. कुणाला ते खोडता आलं नसतं.

“पयल्या दिवशी मी बी तुमाले जेवलाच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “त्यानं फोन नाई उचलला त त्याले दोन शिव्या देऊन ठेवून देल्ला असता. दुसऱ्या दिवशी बी असंच. तिसऱ्या दिवशी... तिसऱ्या दिवसाचं मले सांगता येत नाई काकू. कोनाले पाठवलं असतं का नसतं, खरंच मालूम नाई.”

“आज खरं बोलली,” पार्वताबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पण आवाजात काही फरक नव्हता.

वामनरावांना मात्र हे पुरेसं नव्हतं. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. “ते कायी नाई. नोटीस लिहा. तुमी नसान लिहीत त दुसरा वकील पाह्यतो.”

मी कागद ओढला. खरं तर मला ते करायला नको होतं. पण दुसरा वकील जे विचारेल तेच मी विचारलं, हे मी शपथेवर सांगू शकतो. नाव विचारलं, गाव विचारलं, मुलाचं वय विचारलं. मग विचारलं, “तुम्ही स्वतः मुलाची चौकशी शेवटची कधी केली होती? नोटिशीत लिहावं लागतं. समोरची बाजू पहिला प्रश्न हाच विचारणार.”

वामनराव माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी नीट करत बसले. मी पेन हातात धरून थांबलो. मला घाई नव्हती.

“दवाखान्यात गेलो होतो मी,” अखेर ते म्हणाले. “दारातून पाह्यलं.”

“बोललात?”

“चाला,” पार्वताबाई उठल्या. “दर्यापूरची जीप सुटन.”

दोघं गेली. कागद माझ्याजवळच राहिला, त्यावर नाव, गाव आणि वय. मी तो फाडला.

त्या दुपारी मी पियुषला पहिल्यांदा गंभीरपणे सल्ला दिला. म्हटलं, तुझं मशीन ठेव. ते नसेल तर तुझी कंपनी नाही आणि कंपनी नसेल तर कुणाचीच नोकरी नाही, एवढं मलाही कळतं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, त्याला त्याने तोंड उघडायचं नाही. उत्तर एखाद्या माणसाने द्यावं, चुकलं तर निदान त्याला समोर उभं करता येतं. आणि आवाज दुसरा दे. तो आवाज साधनाचा आहे, तिला परत कर.

पियुषने ऐकलं. हिशेबही केला, कारण हिशेब केल्याशिवाय त्याला झोप येत नाही. डबा नेताना पोराने ॲपमध्ये नोंद करायची आणि नवं मशीन आईला सांगणार होतं, डबा नेला किंवा नेला नाही, खरं जे असेल ते. एखादीने त्यावर जेवला का विचारलं, तर फोन साधनाकडे वळणार होता. पियुषचा अंदाज असा, की डबा नेल्याचं पक्कं कळलं की आया पुढे विचारणार नाहीत. विचारलंच तर दहातली एखादी. मग साधनाला दिवसातून घटकाभर काम उरेल आणि तेवढ्यासाठी पूर्ण पगार देता येणार नाही. “दिवाळीपर्यंत बघतो काका,” तो म्हणाला. “आकडे काय म्हणतात ते बघून ठरवू.” साधनानेही ते ऐकलं. भांडी तिने पोत्यातच ठेवली.

नितेश बरा होऊन अकोल्याच्या खोलीवर परतला होता, त्याचा डबाही पुन्हा सुरू झाला होता. नवं मशीन सुरू झालं त्या दिवशी बाराच्या सुमाराला मी माझं काम सोडून त्या खोलीत जाऊन बसलो. एका अनोळखी, स्वच्छ आवाजाने पहिला फोन लावला. “नमस्कार. आपला डबा पोचला. मुलाने तो सव्वाअकरा वाजता नेला.” बाळापूरची कुणी आई होती. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं. जेवला काय?”

साधनाच्या टेबलावरचा फोन वाजला.

तो खाली ठेवेपर्यंत दुसरा वाजला. मग तिसरा. धामणगाव, दर्यापूर, पुन्हा बाळापूर. पियुष आपल्या पडद्यासमोर उभा राहून मोजत होता, मग त्याने मोजायचं सोडलं. सगळ्याच विचारत होत्या. एकूण एक. डबा नेला हे सर्वांनी नीट ऐकलं होतं आणि ऐकून घेतल्यावर तेवढ्याच शांतपणे त्या विचारत होत्या, जेवला का, जेवली का. साधनाला पाणी प्यायला फुरसत नव्हती. “त्याले इचारतो आन सांगतो काकू,” ती प्रत्येकीला म्हणत होती, आणि समोरच्या वहीवर नाव लिहीत होती.

“यांना कळलंय की डबा नेला,” पियुष मला म्हणाला. “मग पुन्हा काय विचारतात?”

 चहाच्या टपरीवरच्या पोराने आणलेला चहा साधनाच्या टेबलावर गार होत होता. दोन वाजत आले, फोन जरा थांबले, तिने कप उचलला आणि पुन्हा वाजला.

या वेळी पुरुषाचा आवाज होता. शांत खोलीत मलाही ऐकू आला.

“मी वामनराव. त्याची माय... म्हंजे नितेशची माय कापूस वेचाले गेली हाये. म्हनून मी... जेवला काय तो?”

साधनाने माझ्याकडे बघितलं. मग पियुषकडे.

“थांबा भाऊ,” ती म्हणाली. “त्यालेच जोडून देतो. तुमीच इचारा.”

“नको नको, बाई, तसं नाई, तुमीच...”

तोवर तिने बटण दाबलं होतं आणि अकोल्यात घंटी वाजत होती. कुणीतरी उचलला. तिने रिसीव्हर कानावरून काढून टेबलावर ठेवला, तोंड भिंतीकडे केलं आणि गार झालेला चहा प्यायला लागली.